कॉट इनव्हर्स डोक्यात शिरत नसेल तर धाब्यावर एक पाईप उभा करा

बारावीच्या इनव्हर्स ट्रिगमधे साइन, कॉस, टॅनपर्यंत पोरं बरी चालतात आणि कॉट आला की गाडी अडते. माझ्या भाच्याचीपण तिथंच अडली होती. जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यातलं आमचं घर, मे संपत आलेला, बाहेर ऊन असं की चप्पल डांबराला चिकटावी, आणि हा कूलरसमोर वही घेऊन बसलेला. मला म्हणे, "मामा, टॅन इनव्हर्स मायनस एकचं उत्तर मायनस पंचेचाळीस अंश, मग कॉट इनव्हर्स मायनस एकचं एकशे पस्तीस कसं काय? टॅन ४५ पण एक, कॉट ४५ पण एक, मग मायनसमधे दोघांचं फाटलं कुठं?"

प्रश्न एकदम बरोबर आहे. मी स्वतः बारावीला असताना हेच उत्तर मायनस पाय/४ (पाय म्हणजे π, कोनात १८० अंश) लिहून मार्क घालवलेत, आणि विचारल्यावर मला जे सांगण्यात आलं ते एवढंच की रेंज, म्हणजे उत्तर कुठून कुठपर्यंतच्या कोनात पडायला हवं ती हद्द, पाठ कर. पाठ केली, पेपर झाला, विसरलो. यावेळी ठरवलं की पाठांतर नको, दाखवूनच टाकू. एक मीटरचा पीव्हीसी पाईप, टेप, खडू आणि गवंड्याचा ओळंबा घेऊन दोघं सकाळी सकाळी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, चढलो. खालून आजी ओरडतेय, "ऊनमा काय करी राह्यना रे?" आता तिला काय सांगणार, कॉट इनव्हर्स करतोय म्हणून!

खाली जे लिहिलंय ते त्याच क्रमाने आहे, म्हणजे आधी सावली, मग रेंज, मग गणितं. सूत्रांची घाई असेल तर खाली उडी मारा, पण मग चिन्हात चुकाल हे आधीच सांगून ठेवतो.

पहिली पायरी : कॉट म्हणजे सावली

काटकोन त्रिकोणात कॉट म्हणजे लगतची बाजू भागिले समोरची बाजू, हे सगळ्यांना येतं. आता पाईप उभा करा, ओळंब्याने सरळ आहे का बघा. पाईप ही समोरची बाजू, जमिनीवरची सावली ही लगतची बाजू, आणि सावलीच्या टोकाशी जो कोन होतो तो सूर्य जमिनीपासून किती वर आलाय तो कोन. म्हणजे कॉट थीटा = सावली ÷ पाईप. पाईप १ मीटरचा घेतला की भागाकारपण करायची गरज नाही, सावलीची लांबी हाच कॉट. टेपने मोजलं, कॉट हातात.

आता उलटा प्रश्न. सावली मोजली, २ मीटर भरली, तर सूर्य किती अंशावर आहे? हा जो उलटा प्रश्न आहे ना, सावली देऊन कोन मागणारा, तोच कॉट इनव्हर्स. दुसरं काहीच नाही. कॉट⁻¹(२) म्हणजे "ज्याची सावली २ पडते तो कोन", उत्तर साधारण २६.५७ अंश. आम्ही पावणेआठ ते आठच्या मधे मोजली तेव्हा एवढीच भरली होती.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेलं नाही. आपल्याकडचे जुने ज्योतिषी बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे सरळ खुंटी, उभा करून त्याच्या सावलीवरून सूर्याची उंची काढायचे, तेव्हा कॉट हा शब्दपण नव्हता, तो एडमंड गुंटर या इंग्रज गणितीने १६२० मधे वापरला. आणि आपण खान्देशवाल्यांनी तर ह्यात मागं राहूच नये, कारण चाळीसगावजवळ पाटण्याला, म्हणजे आपल्या पाटणादेवीच्या तिथं, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याचा शिलालेख आहे, १२०७ च्या सुमाराचा, आणि त्यात आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचं लिहिलंय. तेच भास्कराचार्य, ज्यांनी ११५० मधे सिद्धांतशिरोमणी लिहिला. लोक पाटणादेवीला जातात, दर्शन घेतात, धबधब्यापाशी फोटो काढतात आणि परत येतात, गणिताचं कुणी नावपण काढत नाही, असो.

एक गोष्ट इथंच क्लिअर करून घ्या. कॉट⁻¹ मधला तो वरचा छोटा मायनस एक म्हणजे घात नाही. १ भागिले कॉट म्हणजे टॅन, त्याचा इथं काही संबंध नाही. ही खूण जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८१३ मधे आणली आणि तेव्हापासून पोरं गोंधळताहेत. वहीत "कॉट इनव्हर्स" असं अक्षरात लिहिलं किंवा "आर्ककॉट" म्हटलं तरी चालतं, अर्थ तोच.

दुसरी पायरी : रेंज ० ते पायच का

इथं जरा थांबून वाचा, सगळा घोळ इथलाच आहे.

कॉट हे फंक्शन दर १८० अंशांनी स्वतःला रिपीट करतं. कॉट ४५ पण १, कॉट २२५ पण १, कॉट मायनस १३५ पण १. मग "कॉट कितीचा १?" असं विचारलं तर उत्तरं ढीगभर. फंक्शनला तसं चालत नाही, एका इनपुटला एकच उत्तर पाहिजे. म्हणून एक तुकडा निवडायचा ज्यात कॉटच्या सगळ्या किमती येतात आणि प्रत्येक एकदाच येते. असा तुकडा कुठला घ्यायचा? धाब्यावर उभं राहा, सूर्यच सांगेल.

सूर्याचा कोन पूर्वेच्या क्षितिजापासून मोजू. उगवला तेव्हा ०, डोक्यावर ९०, मावळला तेव्हा १८०. सकाळी सूर्य पूर्वेला, सावली पश्चिमेला, तिला प्लस म्हणू. दुपारनंतर सावली पूर्वेला पडते, तिला मायनस म्हणू. आता दिवसभराची स्टोरी बघा. उगवतीला सावली इतकी लांब की मोजताच येत नाही, पार शेजाऱ्याच्या केळीत गेलेली. मग ती कमी कमी होत जाते, ५, ३, २, सव्वानऊच्या आसपास १, मग अर्धा, डोक्यावर सूर्य आला की ०, मग दुसऱ्या बाजूला मायनस अर्धा, मायनस १, मायनस २, आणि मावळतीला मायनसमधे अनंताकडे.

म्हणजे एका दिवसात सावलीने सगळ्या किमती घेतल्या, प्लस अनंतापासून मायनस अनंतापर्यंत, प्रत्येक फक्त एकदा, मधे कुठं तुटली नाही, आणि कोन ० पासून १८० पर्यंत गेला. हाच तो तुकडा. म्हणून पुस्तकात डोमेन (म्हणजे आत काय टाकता येतं) सगळ्या वास्तव संख्या आणि रेंज ० ते पाय, टोकं सोडून. टोकं का सोडली? कारण ० आणि १८० ला सूर्य क्षितिजावर टेकलेला, सावली अनंत, तिथं कॉटला किंमतच नाही.

भाच्याला हे सांगितल्यावर त्याने स्वतःच विचारलं की मग मायनस १ म्हणजे पूर्वेला पडलेली १ मीटर सावली, म्हणजे दुपारनंतरची, म्हणजे सूर्य पश्चिमेकडे ४५ वर, म्हणजे पूर्वेकडून मोजला तर १३५. झालं! मायनस ४५ म्हणजे सूर्य उगवायच्याही आधी जमिनीखाली, तेव्हा सावली कुठून पडणार. टॅन इनव्हर्सची रेंज मायनस ९० ते ९० आहे कारण टॅन ९० ला तुटतो. कॉट ९० ला तुटत नाही, तिथं तो आरामात ० असतो, तो तुटतो ० ला आणि १८० ला. दोघं भाऊ खरे पण बांध वेगवेगळ्या ठिकाणी.

थोडं प्रामाणिकपणे सांगतो. सूर्य अगदी डोक्यावर वर्षातून दोनदाच येतो आपल्याकडे. जळगाव साधारण २१ अंश अक्षांशावर, त्यामुळे शून्य सावलीचा दिवस मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि परत जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात येतो, जुलैत ढग असले तर काय दिसणार, म्हणून मे पकडा. त्या दिवशीपण सूर्य बरोब्बर पूर्वेला उगवत नाही, थोडा उत्तरेकडून उगवतो, पण समजून घ्यायला एवढा फरक चालतो. आणि घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य डोक्यावर असं धरू नका, भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि जळगाव ७५.५ च्या जवळपास, म्हणून आपल्याकडे मेमधे साडेबाराच्या जरासं आधी तो वर येतो.

तिसरी पायरी : ग्राफ आणि नेहमीच्या किमती

ग्राफ काढायला आता काही पाठ करायचं नाही. आडव्या अक्षावर सावली (क्ष), उभ्यावर कोन. उजवीकडे लांब गेलं की कोन ० ला टेकायला येतो पण टेकत नाही, मधे क्ष = ० ला कोन पाय/२, डावीकडे लांब गेलं की पायला टेकायला येतो पण टेकत नाही. सगळीकडे उताराचा, कुठंच वर चढत नाही, कारण सावली वाढली की कोन कमीच होणार. (०, पाय/२) हा बिंदू मधोमध आणि त्याच्या दोन्ही बाजूला आकार सारखाच उलटा.

किमती : कॉट⁻¹(√३) = पाय/६, कॉट⁻¹(१) = पाय/४, कॉट⁻¹(१/√३) = पाय/३, कॉट⁻¹(०) = पाय/२. मायनसवाल्यांसाठी वेगळं टेबल नको, पायमधून वजा करा. कॉट⁻¹(−१/√३) = २पाय/३, कॉट⁻¹(−१) = ३पाय/४, कॉट⁻¹(−√३) = ५पाय/६. नियम असा की कॉट⁻¹(−क्ष) = पाय − कॉट⁻¹(क्ष). सकाळी जेवढी सावली, संध्याकाळी तेवढीच पण उलट्या बाजूला, तर कोन १८० मधून वजा. टॅनमधे मायनस नुसतं बाहेर येतं, इथं येत नाही, हा फरक एमसीक्यूमधे हमखास विचारतात.

चौथी पायरी : टॅनशी नातं आणि कॅल्क्युलेटरचा सापळा

साध्या सायंटिफिक कॅल्सीवर कॉटचं बटण नसतं, कॉट इनव्हर्सचं तर नाहीच. मग पोरं काय करतात, १ भागिले क्ष करून शिफ्ट टॅन दाबतात. क्ष प्लस असेल तर बरोबर येतं. कॉट⁻¹(२) साठी टॅन⁻¹(०.५) = २६.५७. पण क्ष मायनस असेल तर? कॉट⁻¹(−२) साठी टॅन⁻¹(−०.५) दाबलं की मशीन −२६.५७ दाखवतं, आणि आपल्याला पाहिजे १५३.४३. मग त्यात १८० मिळवा. म्हणजे :

क्ष > ० : कॉट⁻¹(क्ष) = टॅन⁻¹(१/क्ष)
क्ष < ० : कॉट⁻¹(क्ष) = पाय + टॅन⁻¹(१/क्ष)
क्ष = ० : सरळ पाय/२, इथं १/क्ष करायला जाऊ नका

ही तीन ओळींची भानगड नको असेल तर दुसरं सूत्र वापरा जे सगळीकडे चालतं, प्लस, मायनस, शून्य, काहीपण असू दे : कॉट⁻¹(क्ष) = पाय/२ − टॅन⁻¹(क्ष). मी तर कायम हेच वापरतो. डिग्री मोडमधे ९० मधून टॅन⁻¹(क्ष) वजा, विषय संपला. कॉट⁻¹(−२) करा : ९० − (−६३.४३) = १५३.४३. बघा.

हे का खरं आहे? पाईप, सावली आणि सूर्यकिरण ह्यांच्या त्रिकोणात एक कोन सावलीच्या टोकाशी आणि दुसरा पाईपच्या टोकाशी, दोघांची बेरीज ९०. सावलीच्या टोकाच्या कोनाचा कॉट म्हणजे सावली, पाईपच्या टोकाच्या कोनाचा टॅन म्हणजे पण तीच सावली. म्हणून टॅन⁻¹(क्ष) + कॉट⁻¹(क्ष) = ९०.

ह्याचा जुना आणि भारी वापर आहे पंचांगात, त्याला पलभा म्हणतात. विषुवदिनी, म्हणजे २१ मार्चच्या आसपास किंवा २३ सप्टेंबरच्या आसपास, भर दुपारी बारा अंगुळांच्या शंकूची सावली किती अंगुळं पडते ती पलभा. जळगावच्या अक्षांशाला ती साधारण ४.६ येते. ४.६ ÷ १२ = ०.३८३. कॉट⁻¹(०.३८३) = ६९ अंश, ही सूर्याची उंची. टॅन⁻¹(०.३८३) = २१ अंश, हा आपला अक्षांश. बेरीज ९०. एकाच सावलीतून सूर्य कुठं आहे तेपण कळलं आणि आपण पृथ्वीवर कुठं आहोत तेपण.

कॉम्प्युटरवाल्यांसाठी एक इशारा. सगळे जण ० ते पाय ही रेंज मानत नाहीत. मॅथेमॅटिका आणि पायथनमधलं सिमपाय कॉट इनव्हर्सला मायनस पाय/२ ते पाय/२ मधे ठेवतात, म्हणजे तिथं कॉट⁻¹(−१) विचारलं तर −पाय/४ मिळेल, आणि त्या पद्धतीत ग्राफ शून्यापाशी तुटतो. चूक कुणाचीच नाही, तुकडा वेगळा निवडलाय. आपलं बोर्ड, सीईटी, जेईई ० ते पाय मानतात. एक्सेलचं एकॉट (ACOT) पण ० ते पायच देतं. पायथनच्या साध्या मॅथ मॉड्यूलमधे कॉट इनव्हर्स नाहीच, तिथं एटॅन-टू (atan2) मधे आधी १ आणि मग क्ष टाका, बरोबर ० ते पाय मधलं उत्तर येतं, कारण त्याला पाईप आणि सावली वेगवेगळी दिली की तो चिन्ह बघून कोन काढतो.

पाचवी पायरी : कॉट⁻¹(कॉट …) वाली गणितं

कॉट(कॉट⁻¹(क्ष)) = क्ष, हे कायम खरं. सावलीवरून कोन काढला, कोनावरून परत सावली, तीच येणार. उलटं मात्र कायम खरं नाही. कॉट⁻¹(कॉट ५पाय/४) चं उत्तर ५पाय/४ नाही, कारण ते पायच्या वर गेलं. सूर्य २२५ अंशावर म्हणजे रात्र झालेली, आणि इनव्हर्सला फक्त दिवस माहितीये. मग पायच्या उड्या मारत दिवसात यायचं : ५पाय/४ − पाय = पाय/४.

पद्धत सोपी आहे. आत जो कोन आहे त्यात पाय मिळवत किंवा वजा करत राहा जोपर्यंत तो ० आणि पायच्या मधे पडत नाही. कॉट⁻¹(कॉट ४) : हे ४ रेडियन आहेत, अंश नाही, पाय ३.१४ म्हणून उत्तर ४ − पाय, अंदाजे ०.८६. कॉट⁻¹(कॉट ७) : ७ − २पाय, अंदाजे ०.७२. कॉट⁻¹(कॉट(−पाय/३)) : पाय मिळवा, २पाय/३. टॅनच्या सवयीने शेवटचं −पाय/३ लिहिणारे खूप असतात, लिहून झालं की बघा उत्तर ० ते पायमधे आहे का, नसेल तर चुकलंच.

सहावी पायरी : साइन(कॉट⁻¹) वगैरे

ह्यात सूत्र पाठ करणारे लोक मला समजत नाहीत. पाईप १, सावली क्ष, म्हणून सूर्यकिरणाची तिरपी लांबी √(१+क्ष²). आता साइन(कॉट⁻¹ क्ष) = १/√(१+क्ष²), कॉस(कॉट⁻¹ क्ष) = क्ष/√(१+क्ष²). क्ष मायनस असला तरी हीच सूत्रं चालतात, कारण साइन ० ते पायमधे कायम प्लस असतो आणि कॉसचं चिन्ह क्षबरोबर आपोआप बदलतं. साइन(कॉट⁻¹(३/४)) = ४/५. कॉस(कॉट⁻¹(−३/४)) = −३/५.

सातवी पायरी : दोन कॉट इनव्हर्सची बेरीज, माझी आवडती

कॉट(अ+ब) चं सूत्र आठवा. त्यावरून क्ष आणि य दोन्ही प्लस असतील तर

कॉट⁻¹(क्ष) + कॉट⁻¹(य) = कॉट⁻¹( (क्ष·य − १) ÷ (क्ष + य) )

आणि ह्यात अट नाही! टॅनच्या सूत्रात गुणाकार १ पेक्षा लहान आहे का ते बघावं लागतं, मोठा असेल तर पाय मिळवा वगैरे कटकट. इथं दोन्ही कोन ० ते ९० मधले, बेरीज ० ते १८० मधली, म्हणजे थेट रेंजमधे, उडी मारायची गरजच नाही. तुलना करून बघा. टॅन⁻¹(२) + टॅन⁻¹(३) ला टॅनचं सूत्र लावलं की ५ ÷ (१−६) = −१, म्हणजे −४५ अंश, जे दिसताच खोटं आहे, दोन प्लस कोनांची बेरीज मायनस कशी येईल, मग १८० मिळवून १३५. तेच कॉटने करा : कॉट⁻¹(१/२) + कॉट⁻¹(१/३), आतली किंमत (१/६ − १) ÷ (५/६) = −१, कॉट⁻¹(−१) = १३५. पहिल्याच फटक्यात. ज्या रेंजला पोरं शिव्या घालतात तीच रेंज इथं कामाला येते.

आता एक फेमस गणित. कॉट⁻¹(१) + कॉट⁻¹(२) + कॉट⁻¹(३) किती? शेवटचे दोन घ्या : (६−१) ÷ (२+३) = १, म्हणजे ४५. पहिला पण ४५. एकूण ९०. चौकटीच्या वहीत तीन चौकोन शेजारी शेजारी घेऊन डाव्या खालच्या कोपऱ्यातून तिन्ही चौकोनांच्या उजव्या वरच्या कोपऱ्यांना रेषा मारा, हे तीन कोन तिथं डोळ्याने दिसतात.

आणि गंमत पुढं आहे. कॉट⁻¹(३) = कॉट⁻¹(५) + कॉट⁻¹(८), कॉट⁻¹(८) = कॉट⁻¹(१३) + कॉट⁻¹(२१). करून बघा, (४०−१) ÷ १३ = ३ आणि (२७३−१) ÷ ३४ = ८. १, २, ३, ५, ८, १३, २१, हे फिबोनाची आकडे आहेत, प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. हे सीईटीला येणार नाही, मला आवडतं म्हणून लिहिलं.

परीक्षेला येणारं एक घ्या : कॉट⁻¹(३) + कॉट⁻¹(७) + कॉट⁻¹(१३) + कॉट⁻¹(२१) + … असं अनंतापर्यंत. आतले आकडे न² + न + १ आहेत, न = १, २, ३ … आणि वजाबाकीचं सूत्र (बेरजेसारखंच, फक्त आत (क्ष·य + १) ÷ (य − क्ष)) लावलं तर कॉट⁻¹(न²+न+१) = कॉट⁻¹(न) − कॉट⁻¹(न+१). म्हणजे पहिली टर्म सावली १ आणि सावली २ ह्यांच्या कोनांतला फरक, दुसरी २ आणि ३ मधला, तिसरी ३ आणि ४ मधला. मधलं सगळं कटतं. संध्याकाळी सावली १ मीटरवरून वाढत वाढत अनंताला गेली, सूर्य जमिनीपासून ४५ अंशांवरून क्षितिजाला टेकला, तर सगळे तुकडे मिळून किती उतरला? ४५. उत्तर पाय/४.

जॉन मॅचिन या इंग्रज गणितीने १७०६ मधे ह्याच खेळातून पायचे १०० दशांश काढले होते. त्याचं सूत्र कॉटमधे लिहिलं तर पाय/४ = ४ कॉट⁻¹(५) − कॉट⁻¹(२३९). आपल्या बेरजेच्या सूत्राने तपासता येतं : ५ आणि ५ मिळून २४/१० म्हणजे २.४, मग २.४ आणि २.४ मिळून ४.७६/४.८ म्हणजे ११९/१२०, म्हणजे कोन ४५ पेक्षा केसभर जास्त, आणि ते केसभर जास्त म्हणजेच कॉट⁻¹(२३९).

आठवी पायरी : डेरिव्हेटिव्ह

य = कॉट⁻¹(क्ष), म्हणजे क्ष = कॉट य. दोन्हीकडे यच्या संदर्भात काढा : −कोसेक² य, आणि कोसेक² य = १ + कॉट² य = १ + क्ष². उलटं करा, डेरिव्हेटिव्ह −१/(१+क्ष²). टॅन इनव्हर्सचंच, फक्त मायनस लावून, आणि ते असणारच कारण दोघांची बेरीज कायम ९०, एक वाढला की दुसरा तेवढाच घटणार.

धाब्यावर हे असं दिसतं. दुपारी सावली शून्याजवळ असताना तिच्यात १० सेंटीमीटर फरक पडायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, कारण तेवढ्यात कोन ५.७ अंश बदलावा लागतो. सकाळी सावली ५ मीटरवरून ४ वर यायला, म्हणजे पूर्ण १ मीटर कमी व्हायला, बाराएक मिनिटं पुरतात, कोन फक्त ११.३ वरून १४ वर जातो. क्ष मोठा असला की १+क्ष² मोठा आणि उतार बारीक. इंटिग्रल पार्ट्सने करा, क्ष·कॉट⁻¹(क्ष) + ½ लॉग(१+क्ष²) + स्थिरांक येतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सीईटीत येणारं : कॉट⁻¹((१+क्ष)/(१−क्ष)) चं डेरिव्हेटिव्ह. क्ष = टॅन थीटा टाका, आतलं टॅन(पाय/४ + थीटा) होतं, म्हणजे कॉट(पाय/४ − थीटा), मग उत्तर −१/(१+क्ष²). रेंजमधून बाहेर गेलं तर पाय मिळवावा लागेल पण डेरिव्हेटिव्हमधे स्थिरांक उडतो, त्यामुळे उत्तर बदलत नाही, एवढं कळत असेल तर सुटलात.

शेतात आणि रुळावर

हे फक्त पेपरपुरतं नाही. शेततळं खोदताना ठेकेदार बाजूचा उतार "दीडास एक" असा सांगतो, म्हणजे दीड मीटर आडवं गेलं की एक मीटर खाली. आडवं भागिले उभं, हा कॉटच झाला ना. कॉट⁻¹(१.५) = ३३.७ अंश. "दोनास एक" केलं तर २६.६ अंश, उतार सौम्य, माती कमी ढासळते पण जागा जास्त जाते. रेल्वेतपण चढ असाच सांगतात. कसारा ते इगतपुरीचा थळ घाट सदतीसात एक, कॉट⁻¹(३७) = १.५५ अंश. दीड अंश ऐकायला काहीच नाही पण मुंबईहून भुसावळकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावावी लागतात.

सोडवून बघायला चार : कॉट⁻¹(−√३) + टॅन⁻¹(−√३), कॉट⁻¹(कॉट १०), साइन(२ कॉट⁻¹(२)), आणि कॉट⁻¹(७) + कॉट⁻¹(३) + कॉट⁻¹(३). उत्तरं अशी : पाय/२, १० − ३पाय, ४/५, पाय/४. पहिल्याला आकडेमोड करत बसला असाल तर चौथी पायरी परत वाचा.

त्या दिवशी पाचला पाच-सात मिनिटं कमी असताना भाचा एकटाच परत वर गेला. सावली पूर्वेला, टेपवर १.९ मीटर. मोबाईलच्या कॅल्सीवर १ भागिले मायनस १.९ करून टॅन इनव्हर्स दाबलं, −२७.८ आलं. जरा वेळ बघत बसला, मग खडूने पाईपशेजारी धाब्यावरच लिहिलं, १५२.२.